नावाचे पैसे

आमच्या गावाच्या नावातच बाजार आहे. जवळा बाजार, तालुका औंढा नागनाथ. इथलं पोरगं उभं राहायला लागलं की आधी मोंढा बघतं, मग शाळा. हळद, सोयाबीन, कापूस यांचे भाव आमच्याकडे हवापाण्यासारखे बोलले जातात. अशा गावात उर्दू आणि मराठी शिकवणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला लोक अर्ज लिहायला, फॉर्म भरायला, फार तर मुलीच्या लग्नपत्रिकेचा मजकूर तपासायला बोलावतात. जुनी गिटार घ्यायला सोबत चला, असं कुणी म्हणेल हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

म्हणाला तो माझा जुना विद्यार्थी. दहावीला माझ्या हाताखाली होता. आता लग्नसराईत एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. गावात 'बेस' म्हणजे डीजेच्या भिंतीतून छातीवर येणारा दणका. तो दणका चार तारांवर बोटांनी वाजवता येतो आणि त्यासाठी वेगळं वाद्य असतं, हे मलासुद्धा त्याच्यामुळे कळलं.

त्याचा हिशेब साधा होता. वाद्य मालकाचं, म्हणून एका कार्यक्रमाच्या हजार रुपयांतले तीनशे मालक भाडं म्हणून कापून घ्यायचा. नांदेडला एक जुने वादक सामान विकत होते. स्वतःचं वाद्य झालं तर चाळीस कार्यक्रमांत पैसे फिटले असते. पैसे मात्र अब्बूंकडे होते. बारा हजार. त्याचे अब्बू मोंढ्यात हमाल आहेत. पाठीवर पोती वाहून जमवलेल्या पैशाची गिटार घ्यायची, हे त्यांना पटेना. "सर सांगतील तर देतो," असं ते म्हणाले आणि गोष्ट माझ्या अंगावर आली.

खरं सांगतो, मला टाळायचं होतं. एक तर मला वाद्यातलं काही कळत नाही. दुसरं, मोहल्ल्यात लोक काय म्हणतील हे मला चांगलं ठाऊक होतं. वाद्यांबद्दलचा आपल्यातला वाद आजचा नाही. इमाम गजाली यांना नऊशे वर्षांपूर्वी 'इह्या'मध्ये समाअवर स्वतंत्र प्रकरण लिहावं लागलं, यावरूनच तो किती जुना ते दिसतं. इकडे आपल्याच दख्खनमध्ये विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाने आपल्या तंबोऱ्याचं नाव 'मोतीखान' ठेवलं होतं. ज्याला जे पटतं ते त्याने करावं. मी फतवा देणारा नाही, मास्तर आहे. पण मास्तरानेच पोराला गिटार घेऊन दिली, हे वाक्य मला ऐकू येत होतं.

तरीही मी गेलो. त्याचं कारण माझे मामू.

मामू बेंजो वाजवायचे. टाइपरायटरसारखी बटणं असलेला, आपल्याकडच्या बेंजो पार्ट्यांत वाजतो तो. पुस्तकात त्याला बुलबुल तरंग म्हणतात. त्याचं मूळ जपानचं. नागोया शहरात १९१२ साली तैशोगोतो नावाचं वाद्य तयार झालं, त्याचा हा आपल्याकडचा भाऊ. मामूंचा बेंजो एका सुताराने आणि एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने मिळून बनवला होता. त्यावर कुठल्याच कंपनीचं नाव नव्हतं. खालाच्या लग्नात पैसे कमी पडले तेव्हा तो विकायला काढला. गिऱ्हाइकाने उलटापालटा करून बघितला आणि विचारलं, "याच्यावर नाव कुठंय?" साडेतीनशे रुपयांत गेला. वाजवून बघा म्हणून मामू दोनदा म्हणाले. त्याने वाजवू दिलं नाही. ऐकलं असतं तर भाव वाढवावा लागला असता, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो.

नांदेडला जायच्या दिवशी बघतो तर एसटी स्टँडवर त्याचे अब्बू आधीच उभे. म्हणाले, "पैसा हमारा, माल हम देखेंगे." वसमतमार्गे आम्ही तिघं नांदेडला पोहोचलो.

विकणारे गृहस्थ साठीच्या पुढचे. तीस वर्षं ऑर्केस्ट्रात काढलेली. त्यांच्या पुढच्या खोलीत दोन बेस गिटार, एक ॲम्प्लिफायर आणि चहा, इतकं सगळं आमच्यासाठी मांडून ठेवलेलं. एका गिटारच्या डोक्यावर परदेशी कंपनीचं मोठं नाव सोनेरी अक्षरांत होतं. किंमत सोळा हजार. दुसरीच्या डोक्यावरचं नाव कधीकाळी खरडून गेलेलं, नुसता लाकडाचा रंग. किंमत सात हजार. अब्बूंनी साहजिकच पहिलीला हात लावला. मीही मनात तिचाच भाव उतरवायला लागलो होतो.

पोरगा मात्र बोलला नाही. त्याने पहिली गिटार उचलली, तिचा दांडा डोळ्याशी धरून बंदुकीसारखा नेम धरला आणि दोन्ही कडांवरून नजर फिरवली. मग सगळ्यात जाड तारेच्या दोन टोकांना एकाच वेळी दाबून मध्ये किती फट राहते ते पाहिलं. नंतर बाराव्या पडद्यावर तार नुसती शिवून एक सूर काढला आणि तिथेच तार दाबून दुसरा काढला. दोन्ही सूर सारखे यायला हवेत. ते आले नाहीत. दांडा वाकला होता. बेस गिटारच्या दांड्यात एक लोखंडी सळई असते, ती पिळून वाक काढता येतो. पण त्या सळईचं डोकंच झिजून गुळगुळीत झालं होतं, पान्ना बसत नव्हता. म्हणजे वाक काढायचा रस्ता बंद. आपल्याकडे म्हणतात ना, नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

मालकांनी लपवलं नाही. हसून म्हणाले, "पोरा, तिच्यात वाद्याचे सहा हजार हाईत. बाकीचे नावाचे पैसे."

मला ते वाक्य लागलं. कारण नावाचे पैसे काय असतात ते मला बी.एड. झाल्यापासून माहीत आहे. पदवी हातात आली, मुलाखती सुरू झाल्या, आणि काय शिकवता येतं याच्या आधी प्रश्न यायचा, "कुठल्या कॉलेजचं?" मी नाव सांगायचो आणि समोरच्याचा पेन खाली ठेवला जायचा. पुढची काही वर्षं तासिका तत्त्वावर गेली. मी वर्गात कसा शिकवतो हे कुणी एकदाही मागच्या बाकावर बसून ऐकलं नाही. मामूंचा बेंजो आणि मी, आमच्यात फार फरक नव्हता.

पण नावाला नुसत्या शिव्या देऊन भागत नाही. अब्बूंनी तिथेच विचारलेला प्रश्न मला अजून खोडून काढता येत नाही. ते म्हणाले, "सर, कल बेचने का वक्त आया तो? नामवाली को गिऱ्हाईक मिलता. बिना नाम की कौन लेता?" हे खरंच आहे. ज्याला स्वतः पारख नाही, त्याच्यासाठी नाव म्हणजे दुसऱ्या कुणीतरी केलेली पारख. श्रीमंताची वस्तू खराब निघाली तर तो दुसरी घेतो. गरिबाला चुकणं परवडत नाही, म्हणून तो नावाला जास्त पैसे देतो. आपण त्याला दिखाऊपणा म्हणून मोकळे होतो.

आणि प्रत्येक नाव पोकळ नसतं. मिरजेचंच बघा. तलवारी-भाल्यांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी तिथे सतारी आणि तंबोरे बनवायला घेतले. पिढ्यान्‌पिढ्या भोपळा, लाकूड आणि जवारी यांत हात बसला, आणि मग 'मिरजेचा तंबोरा' हे नाव गवयांच्या तोंडी बसलं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते फार नंतरचं. आधी काम, मग नाव, सगळ्यात शेवटी कागद. भानगड तेव्हा होते, जेव्हा नाव पुढे निघून जातं आणि काम मागे राहतं.

बेस गिटारचा इतिहासही याच वळणाचा आहे. पूर्वी पाश्चात्त्य वाद्यवृंदात खालचा सूर धरायला माणसाएवढा उंच डबल बेस असायचा. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ साली गळ्यात अडकवता येईल असा चार तारांचा विजेवर चालणारा बेस बाजारात आणला. दांड्यावर पडदे असल्यामुळे सूर अचूक लागतो, म्हणून त्याचं नाव प्रिसिजन. ते नाव मोठं झालं आणि किंमतही. दहा वर्षांनी, १९६१ साली, हॅम्बुर्गमध्ये रात्रभर वाजवून पोट भरणाऱ्या, विशीही न गाठलेल्या एका पोराला तो फेंडर परवडेना. त्याने साधारण तीस पौंडांत एक स्वस्तातला जर्मन हॉफनर घेतला. तो पोरगा पॉल मॅकार्टनी. बीटल्सची सुरुवातीची गाणी त्या स्वस्त बेसवर वाजली. पुढे १९७२ साली तो चोरीला गेला आणि पन्नासेक वर्षांनी इंग्लंडमध्ये एका घराच्या माळ्यावर सापडला. आज त्याची किंमत कोण करणार?

दुसरं उदाहरण जपानचं. जपानी कारखाने फेंडरच्या इतक्या चांगल्या नकला करायला लागले की १९८२ साली फेंडरनेच तिकडे आपल्या गिटारी बनवून घ्यायला सुरुवात केली. त्यातल्या कमी किमतीच्या मालावर 'स्क्वायर' हे दुय्यम नाव टाकलं. दुय्यम म्हणून विकलेल्या त्या पहिल्या काही वर्षांच्या गिटारी आज लोक शोधत फिरतात. माल तोच होता. लोकांनी वाजवून बघायला काही वर्षं घेतली, एवढंच.

आपल्याकडे कोलकात्याच्या गिवसनवर कितीतरी पोरांची पहिली बोटं सोलली. नाव वाचताना अमेरिकेच्या गिब्सनची आठवण व्हावी असंच ते आहे. जाणकार त्यावर हसतात, पण हसणाऱ्यांतले बरेच जण शिकले कशावर, ते विचारून बघा.

नांदेडच्या त्या खोलीत परत येतो. पोराने खरडलेल्या डोक्याची गिटार उचलली. दांडा सरळ निघाला. बाराव्या पडद्यावर दोन्ही सूर जुळले. आवाजाची बटणं फिरवताना खरखर आली, पण ती आतली धूळ होती, फवारा मारून जाण्यासारखी. पडदे झिजलेले, तरी अजून काही वर्षं चालतील असे.

मग ॲम्प्लिफायर. हा स्थानिक सुताराने बनवलेल्या पेटीतला, आत पंधरा इंची स्पीकर. मला वाटलं होतं, मशिदीत किंवा शाळेत असतं तसलं कुठलंही मशीन चालेल. पोराने समजावलं. भोंगा माणसाच्या आवाजासाठी असतो, खालचे सूर त्यातून येतच नाहीत. बेसची सगळ्यात जाड तार सेकंदाला साधारण एक्केचाळीस वेळा थरथरते. एवढा खालचा सूर आपल्या कानाला मुळात कमी ऐकू येतो, म्हणून त्याला ताकद जास्त लागते आणि स्पीकर मोठा लागतो. साध्या गिटारच्या लहान मशीनवर बेस जोरात वाजवला तर स्पीकर फाटू शकतो. स्वस्तात मिळतं म्हणून लोक तेच घेतात आणि महिन्याभरात दुकानात दुरुस्तीला नेतात.

मशीन चालू केलं तर गूं असा आवाज. पोराने जाड तारेचा तिसरा पडदा दाबला, सूर जवळजवळ त्या गूंमध्ये मिसळून गेला. आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनं करते आणि तो सूर एकोणपन्नासचा आहे. त्याने तारांवर तळवा ठेवला की गूं कमी व्हायचा, उचलला की वाढायचा. त्याने मागे जाऊन वायर तपासली. तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन कापून टाकलेली होती. दोन भोकांच्या बोर्डात बसावा म्हणून कुणीतरी कापली असणार. मांडवात, ओल्या जमिनीवर, हातात लोखंडी तारा घेऊन उभ्या राहणाऱ्या पोरासाठी ही कापलेली पिन काय करू शकते, ते सांगायला नको. जुनं मशीन घेणाऱ्या प्रत्येकाने आवाजाच्या आधी हे बघावं, म्हणून मुद्दाम लिहितोय.

अब्बू इतका वेळ गप्प होते. ते एकदम म्हणाले, "वो दोनों फिर से बजा. हमकू देखना नै, सुनना." आणि आमच्याकडे पाठ करून बसले. पोराने दोन्ही गिटारींवर एकच सूर वाजवला आणि थांबला. सोनेरी नावाच्या गिटारचा सूर भुर्र करून लवकर बसला, तार पडद्याला घासत होती. खरडलेल्या गिटारचा सूर खोलीत राहिला. अब्बूंनी न वळता दुसरीकडे बोट केलं.

मला नवल वाटलं, पण वाटायला नको होतं. या माणसाची हयात हळदीच्या पोत्यांत गेली आहे. हळकुंड नीट वाळलं की नाही हे मोंढ्यात अजूनही मोडून बघतात. वाळलेलं हळकुंड मोडताना धातूसारखा टणक आवाज येतो, ओलं असेल तर ते नुसतं दबून तुटतं. पोत्यावर कुठल्या शेतकऱ्याचं नाव आहे याला तिथे महत्त्व नाही. अब्बू तीस वर्षं कानाने भाव करत आलेत. फक्त त्यांना तसं कुणी कधी म्हटलं नव्हतं.

भाव झाला. गिटार साडेसहा हजार, मशीन साडेपाच हजार मागितलं होतं, पिनेमुळे पाच हजारांवर आलं. साडेअकरा हजार. उरलेल्या पाचशेत नवी वायर, तिकिटं आणि तिघांचं जेवण.

पैसे मोजून झाल्यावर मालक जे बोलले त्याने मात्र माझ्या पोटात गोळा आला. म्हणाले, "आता बेसवाल्याला कोण बोलवतंय? कीबोर्डवाला डाव्या हाताने वाजवतो, न्हायतर पेन ड्राइव्ह लावतात." अब्बूंनी माझ्याकडे बघितलं. जो धंदा हा माणूस सोडतोय, त्याच धंद्यात आपण पोराला साडेअकरा हजार घालून ढकलतोय की काय? परतीच्या एसटीत कुणीच फारसं बोललं नाही.

घरी येऊन रात्री मी वाचत बसलो. माझी ती जुनी खोड आहे, काळजी वाटली की वाचतो. तेव्हा एक गोष्ट सापडली. जपानच्या रोलंड कंपनीने १९८१ च्या सुमारास टीबी-३०३ नावाची एक लहान पेटी काढली होती. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी, म्हणजे बेसवाल्याची गरजच पडू नये, हा तिचा हेतू. तिचा आवाज कुणालाच खऱ्या बेससारखा वाटला नाही. १९८४ पर्यंत ती बंद पडली आणि जुन्या बाजारात मातीमोल भावाने आली. म्हणूनच ती शिकागोच्या काही पोरांना परवडली. त्यांनी तिची बटणं उलटसुलट फिरवली आणि १९८७ मध्ये एक नवाच नाचाचा बाज जगभर गेला. पण त्याच्याही आधी, १९८२ साली, मुंबईत एका माणसाने याच पेटीची साथ घेऊन दहा राग वाजवून रेकॉर्ड काढली होती. चरणजित सिंग. हिंदी सिनेमाच्या स्टुडिओंत वाजवणारा वादक, आणि तोही बेस गिटारवाला! रेकॉर्ड खपली नाही. २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली तेव्हा ऐकणारे चकित झाले. २०१५ मध्ये ते वारले, त्याआधी काही वर्षं तरी लोकांनी त्यांना वाजवताना ऐकलं.

या गोष्टीने माझी काळजी गेली असं म्हणणार नाही. चरणजित सिंग यांना अठ्ठावीस वर्षं वाट बघावी लागली आणि हमालाच्या पोराकडे एवढा वेळ नाही. मी त्याला सांगितलंय, पदवीचं शेवटचं वर्ष सोडायचं नाही. तो हो म्हणाला. ऐकतो की नाही बघू.

घरात अब्बूंनी अटी घातल्या. अजान आणि नमाजेच्या वेळी मशीन बंद. रात्री दहानंतर बंद. आणि तिसरी अट अशी की, विकायची नाही. "बेचना पडा तो पैले मेरेकू पूछना," म्हणाले. विकण्याच्या भावाची सगळ्यात जास्त चिंता ज्याला होती, त्यानेच ही अट घातली. मला माझे मामू आठवले. त्यांना असं सांगणारं घरात कुणी नव्हतं.

परवा मोंढ्यात गेलो होतो. हळदीची आवक होती, अब्बू पोत्यांच्या थप्पीला टेकून बसले होते. एका अडत्याने चेष्टेने विचारलं, "काय भाई, पोराला गिटार घेतली म्हणे. कोणत्या कंपनीची?"

अब्बूंनी समोरचं एक हळकुंड उचललं, टणकन मोडलं आणि त्याच्या हातात ठेवलं.

"कंपनी नै मालूम," ते म्हणाले. "इसके जैसा तोड के तो नै देख सकते. मगर बजा के लिये हम."